बर्फ वितळवणारा स्टोव्ह

मी एक जुना पितळी स्टोव्ह आहे. पंप मारून पेटवायचा, रॉकेलवर चालणारा, बुटांच्या खोक्यात मावेल एवढा. दुकानात असताना वाटायचं, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाईन. पण मला विकत घेतलं दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी, आणि मी थेट बर्फात पोचलो.

मित्रांनो, उंच डोंगरावर माझं काम एकच. बर्फ वितळवून पाणी करायचं. तिथं चहूकडे बर्फ, पण प्यायला थेंब नसतो. बाई आणि सुतारकाम करणारा त्यांचा दीर दरवर्षी मला घेऊन जायचे, माझ्या उबेला बसून गप्पा मारायचे. खाली आल्यावर मात्र मी काजळीसकट माळ्यावर पडून राहायचो. सासरे कुरकुरायचे, "सुखातला जीव दुःखात घालायची ही कसली हौस?" बाई नुसत्या हसायच्या.

एका वर्षी, शिखर अगदी टप्प्यात आलं असताना वादळ आलं. दोघं तंबूत अडकले. आणि नेमका मी विझलो. साठलेली काजळी माझ्या छिद्रात अडकली होती. ते मोकळं करायची पिन दिराच्या हातात मोडली. पाण्याच्या बाटल्या केव्हाच रिकाम्या झाल्या होत्या.

बाईंनी टॉर्चच्या वायरमधून तांब्याची एक बारीक तार ओढून काढली. जाड हातमोज्यांतून ती चिमटीत धरता येईना. त्यांनी ते काढले.

"वहिनी, मोजे घाल! बोटं गेली तर दवाखान्याला कुलूप लागेल."

"आणि पाण्यावाचून आपणच गेलो, तर दवाखाना उघडणार कोण?"

माझं पितळ इतकं गार होतं, की त्यांची कातडी चिकटायची. ती सोडवून घेऊन त्या पुन्हा तार घालायच्या. शेवटी मी फुरफुरलो आणि पेटलो. दोघं घोट घोट पाणी प्याले.

सकाळी आभाळ निवळलं. शिखर समोर दिसत होतं. पण बाईंची दोन बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. "चल, उतरू," त्या म्हणाल्या.

बोटं वाचली, पण त्यांची जाणीव परत यायला कित्येक महिने गेले. तोवर दवाखाना बंदच होता. सासऱ्यांनी विचारलं, "आता तरी हौस फिटली ना?"

"नाही, बाबा. दिवसभर मी लोकांना सांगते, घाबरू नका. मी स्वतः घाबरते तेव्हा माझं काय होतं, ते मला तिथंच कळतं. तंबूत मी खूप घाबरले होते, पण हात थरथरला नाही."

"आणि हातच गेला असता तर?"

"तर तुमचंच खरं ठरलं असतं."

सासऱ्यांना हे पटलं नाही. आजही पटलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला माळ्यावरून काढलं, जुन्या कापडानं घासून लख्ख केलं आणि पिनांची एक पुडी माझ्या पायाला बांधून ठेवली. आता बाई निघायच्या आधी ते दर वेळी "जाऊ नकोस" म्हणतात, आणि म्हणता म्हणता माझा पंप मारून बघतात.

मित्रांनो, माणसं आपणहून एवढा धोका का पत्करतात, हे इतकी वर्षं त्यांच्या सोबत राहूनही मला पुरतं उमगलेलं नाही. विनंती एवढीच. तुमच्या घरातलं कुणी असं निघालं, तर त्याच्याशी हवं तेवढं भांडा. पण त्याआधी त्याचा स्टोव्ह एकदा पेटवून बघा.