दिवा वाढवताना

बुलढाण्याच्या दवाखान्यात वच्छलाबाईला बसायला बाकडं दिलं होतं, पण त्या बाकड्याला तिची पाठ टेकली असेल तर शपथ. आत जाई, सुनेच्या तोंडावरची माशी वारी, बाहेर येई, ओसरीच्या टोकापर्यंत जाऊन परत फिरे. ताप उतरला तर पोरगी हाती लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि ताप काही उतरत नव्हता. दवाखान्याचा शिपाई वैतागून म्हणाला, "माय, बस ना वं एका जागी."

"बसते बाबा," ती म्हणाली आणि पुन्हा चालू लागली.

घडलं ते असं. तिच्या नवऱ्याने, पुंजाजीने, मोताळ्याच्या बाजारातून नेहमीच्या दुकानातलं घासलेट आणलं. त्या दुकानदाराने मलकापूरच्या मोटारींसाठी पेट्रोलही ठेवायला सुरुवात केली होती. रिकामा डबा म्हणजे त्याच्या लेखी नुसता डबा. काल त्यात काय होतं, याची विचारपूस करायला तो काही रिकामटेकडा नव्हता. जेवणं आटोपल्यावर सून शालू चुलीजवळची चिमणी वाढवायला गेली. दिव्याला उष्टं तोंड लावू नये, फुंकर मारू नये, हे तिला वच्छलाबाईनेच लग्नानंतर शिकवलेलं. म्हणून पोरीने पदराचा वारा घातला. चिमणी फाटकन उडाली आणि पदर, हात, गळा सगळं एकदम पेटलं. वच्छलाबाईने गोधडी टाकून तिला कवेत आवळलं. आपण ते फुंकरीचं शिकवलंच नसतं तर, हा विचार तेव्हापासून तिच्या डोक्यात जात्यासारखा फिरत होता.

दवाखान्यात तिला भेटल्या त्या भगिनी मंडळाच्या बाया. मंडळाची कीर्ती तोवर हळदीकुंकू, भरतकाम आणि एकमेकींच्या चिवड्याला नावं ठेवणं इथपर्यंतच होती. पण अध्यक्षीण सत्यभामाबाई, गावातल्या वकिलांच्या पत्नी, आजाऱ्यांना मोसंब्या वाटायला आल्या आणि शालूचे हात बघून मोसंब्या तिथेच विसरून गेल्या. चौकशी केली तेव्हा कळलं, धाड गावातल्या एका घरीही अशीच चिमणी उडाली होती, तेलही त्याच दुकानाचं. मग मंडळाने सरकारकडे अर्ज केला. पेट्रोलचे डबे लाल रंगाचे असावेत आणि घासलेट विकणाऱ्याने पेट्रोल ठेवू नये, एवढंच मागणं. कचेरीने अर्ज ठेवून घेतला आणि बायांना वाटेला लावलं. त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. सेक्रेटरी शैलजाबाई, मास्तरांची बायको, दिसायला गरीब गाय; पण कारकुनाच्या टेबलासमोर ती अशी काही उभी राही की त्याला चहा गोड लागेना. शेवटी चौकशीला एक गोरा साहेब नेमला गेला.

हा साहेब मराठीची परीक्षा पास झालेला. त्या परीक्षेचा त्याला इतका अभिमान की दुभाष्याला तो जवळ फिरकू देत नसे. साक्षीदाराच्या तोंडून निघेल तेच खरं, असं तो म्हणायचा. वच्छलाबाईने त्याला सगळं सांगितलं. "सून दिवा वाढवून राह्यली होती, साहेब, अन् भडका झाला." साहेबाने मान डोलावली आणि लिहून घेतलं. केवढा भला माणूस, असं सगळ्या बायांना वाटलं.

आज दुपारी निकाल आला. शैलजाबाईने तो ओसरीत उभं राहून वाचला, आणि वाचता वाचता तिचा आवाज बसत गेला. अर्ज नामंजूर. सदरहू सुनेने दिव्याची वात प्रमाणाबाहेर वाढवली, सबब अपघात तिच्याच निष्काळजीपणाने घडला. दुकानदाराचा दोष दिसत नाही.

"वात?" वच्छलाबाई उसळली. "वात कोनं वाढवली? मी कवा म्हनलं असं?"

"तुम्ही म्हणालात ना, दिवा वाढवत होती म्हणून," शैलजाबाई म्हणाली.

"हाव! वाढवूनच राह्यली होती! निजायची येळ झाल्ती, मंग दिवा वाढवनार नाही तं काय?"

सगळ्या बायांनी माना डोलावल्या. त्यात चूक ती काय? घराघरात दिवा वाढवतात, बांगडी वाढवतात, देवापुढे नारळ वाढवतात. मग एकाएकी सत्यभामाबाईंनी कपाळाला हात लावला.

"अगं बाई! त्याला खरंच वाढवला वाटलं. मोठा केला वाटलं."

कुणाला तरी हसू फुटलं आणि आतल्या खाटेकडे लक्ष जाताच जिरलं. साहेब उद्या सकाळी दौऱ्यावर निघणार होता आणि उद्याच मोताळ्याचा बाजार होता. त्याच डब्यांतून तेल घराघरात जाणार. जायचं तर आत्ताच.

"वच्छलाबाई, त्याला स्पष्ट सांगा," शैलजाबाई म्हणाली. "म्हणा, विझ..."

"ओ बाई!" वच्छलाबाईने तिच्या तोंडावर हातच ठेवला. "पोट्टी तठी निपचित पडेल हाय, अन् मी दिव्यासाठी तसं बोलू? माह्या तोंडानं? नाही जमत मले."

शैलजाबाई शिकलेली होती, पण तिलाही पुढे बोलवेना. तिच्या घरीसुद्धा तो शब्द तिन्हीसांजेला कुणी उच्चारत नसे. "दुसरा शब्द सांगू," ती म्हणाली. "आहेत की पुष्कळ."

चालत नव्हे, जवळजवळ पळतच त्या कचेरीत गेल्या. साहेबाची बांधाबांध चालली होती, पण त्याने खुर्च्या मागवल्या. वच्छलाबाई बसली नाही. सत्यभामाबाईंनी खुलासा करायला तोंड उघडलं, तर साहेबाने हात वर केला.

"आपण घटना पाहिली काय?"

"नाही, पण आमच्याकडे या शब्दाचा अर्थ..."

"मग कृपा करून साक्षीदार बाईंना कथन करू द्यावे."

वच्छलाबाई पुढे झाली. "सून दिवा मालवत होती, साहेब."

साहेबाने भुवया आखडल्या. हा शब्द त्याच्या पुस्तकात नसावा.

"शांत करत होती."

"शांत म्हणजे गप्प. दिवा बोलत होता काय?"

एरवी बाया या बोलण्यावर महिनाभर हसल्या असत्या. आता शैलजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. वच्छलाबाईने पदर हातात धरून वारा घालून दाखवला. साहेबाने ते बघितलं, बराच विचार केला आणि म्हणाला, "गरम होत होते?"

दाराशी कचेरीचा शिपाई पेट्या उचलायला उभा होता. वच्छलाबाईला उद्याचा बाजार दिसू लागला: तेलाच्या डब्याभोवती बाटल्या घेऊन उभ्या असलेल्या बाया, कुणाच्या तरी नव्या सुना. आणि त्यांच्या पलीकडे शालूची खाट. तो अशुभ शब्द काढला आणि तिकडे काही बरंवाईट झालं, तर जन्मभर तो आपल्याच जिभेवर राहील, असं तिला वाटलं. देवा, माझी जीभ झडू दे, पण तिचं काही करू नको, असं ती मनात म्हणाली.

"इझवत होती," ती पुटपुटली.

"काय?"

"इझवत."

साहेबाला वऱ्हाडी उमजेना. तो पुढे वाकला. "बाई, स्पष्ट बोलावे."

मग वच्छलाबाईने डोळे मिटले आणि पोथीतल्यासारखा तो शब्द सबंध उच्चारला, मोठ्याने. "विझवत. माही सून दिवा विझवत होती."

साहेबाच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला आणि पाठोपाठ लाज. "मग त्या दिवशी 'वाढवत' असे का कथन केले?"

"आमच्या घरी दिवा कधी तसा होत नाही, साहेब," ती म्हणाली. "आमी त्याले वाढवतो."

साहेब खाली बसला. त्याने आपला हुकूम आडवी रेघ मारून रद्द केला आणि बांधलेली पेटी सोडवून नवा कागद काढायला लावला. दुकानातले डबे रात्रीच सील करायचे, बाजारात त्या दुकानाचं थेंबभर तेल विकायचं नाही, लाल डब्यांचा अर्ज त्याच्या शिफारशीने वर जाणार. सत्यभामाबाईंना आनंदाने काय करावं कळेना. त्यांनी वळून वच्छलाबाईला शोधलं, पण ती तिथे नव्हतीच.

ती रस्त्याने धावत होती. चपला कचेरीच्या पायरीशीच राहिल्या होत्या. दुकानांतून दिवे लागत होते आणि दिसेल त्या दिव्याला ती हात जोडत होती. चुकलं माझं, चुकलं, एवढंच तोंडात.

शालूचे डोळे उघडे होते. ताप तसाच होता, पण श्वास चालू होता. वच्छलाबाई खाटेचा कठडा धरून धापा टाकत उभी राहिली. शिपायाने नुकताच कंदील आणून खिळ्याला अडकवला होता आणि त्याचा उजेड नेमका पोरीच्या तोंडावर येत होता.

"आत्याबाई," शालू म्हणाली. दुखण्यातल्या माणसाला शब्दांचं सोवळंओवळं कुठलं राहतं! "डोळ्याले लय लागते. तो कंदील इझवा ना."

वच्छलाबाईने कंदिलाकडे हात नेला, चिमटीत वातीची कळ धरली, आणि हात मागे घेतला.

"हाव माय, वाढवते," ती म्हणाली.

मग तिने ते बाकडं ओसरीतून ओढत आत आणलं, खाटेला भिडवलं आणि कंदिलाकडे पाठ करून त्यावर बसली, अशी की तिची सगळी सावली सुनेच्या डोळ्यांवर पडावी.

"वाढवला का?" शालूने विचारलं.

"वाढवला. नीज आता."

शालूने डोळे मिटले. थोड्या वेळाने शिपाई डोकावला, तर ही बाई पहिल्यांदाच एका जागी बसलेली. मागे कंदील जळत होता आणि ती जरासुद्धा हलत नव्हती.