तापाचा रकाना

सहा महिने तात्यांनी बायकोचा ताप रोज कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात टिपून ठेवला होता. ती गेल्यापासून मात्र घरात कुणी तिचा विषय काढत नव्हतं. तात्यांचं मन रमावं म्हणून सुनेने त्यांना आपल्या ऑफिसातलं प्रोग्रॅमिंग शिकवायला घेतलं आणि सरावाला तोच तक्ता उचलला.

"बाबा, हा व्हेक्टर. म्हणजे तुमचा एक रकानाच, पण आतले सगळे एकाच जातीचे हवेत. आता सरासरी मागा."

तात्यांनी मागितली. आली नाही.

"तक्ता मुकाट देत होता की," ते करवादले.

"तक्ता नको ते गुपचूप वगळतो. इथे एक जरी शब्द शिरला, तरी सगळे आकडे शब्द होऊन बसतात."

शब्द शोधत ती रकान्यात खाली खाली गेली. एकशे दोन, एकशे तीन, एकशे एक. शेवटच्या घरात तात्यांनी लिहिलं होतं, 'गार'.

सुनेने कर्सर त्या घरावर नेला. "एवढं पुसलं की येईल सरासरी," ती हळूच म्हणाली.

"हात लावू नकोस," तात्या म्हणाले. "तुम्ही सगळे तिला वगळूनच बोलता. निदान हे तरी तिच्यापाशी अडलं."