वाढवून सांगितलेलं दुखणं

पहाटेची एसटी धरून सुचिता रेवदंड्याहून निघाली आणि पनवेलला उतरून रिक्षानं हॉस्पिटलात पोचली, तेव्हा तिच्या तोंडात नुसता आल्याचा तुकडा होता. डोसाच्या दिवशी खाल्लेलं पोटात ठरत नाही, हे तिला एव्हाना कळून चुकलं होतं. डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली, पिशवीत पाण्याची बाटली आणि शाल. ती केमोच्या खोलीत शिरणार, तोच नर्सनं तिला दारातच थांबवलं आणि खाली विम्याच्या टेबलाशी जायला सांगितलं.

टेबलामागची हेमाली स्वभावानं चांगली होती. आजवर तिनं सुचिताला कधी ताटकळत ठेवलं नव्हतं. आज मात्र तिनं आधी खुर्ची दिली, पाणी विचारलं. एवढं अगत्य चांगल्या बातमीला लागत नाही.

कंपनीनं मंजुरी मागं घेतली होती. म्हणणं असं, की आजार पॉलिसी काढायच्या आधीपासूनचा आहे आणि तो लपवून पॉलिसी घेतली. कंपनीचा माणूस घरी चौकशीला जाऊन आला होता. सासूनं त्याला सांगितलं, तीन वर्षं झाली. शेजारणीनं सांगितलं, चार. आणि सुचिताच्या नवऱ्यानं, कमलेशनं, पॉलिसी काढून झाली होती दोनच वर्षं.

"अहो, गाठ मला गेल्या गणपतीनंतर लागली," सुचिता म्हणाली. "आंघोळ करताना."

"मॅडम, मला पटतंय. पण हे तुमच्या घरूनच आलंय ना," हेमाली हळू आवाजात म्हणाली.

आता एकतर सगळी रक्कम आधी भरा, नाहीतर कंपनीकडं तक्रार करून निकाल फिरवून आणा. डॉक्टरांनी वर बोलावून सांगितलं, आठवडाभर डोस पुढं ढकलता येईल, त्यापुढं ढकलणं बरं नाही. त्यांनी दिलेल्या पत्रात त्यांना जे दिसलं तेवढंच होतं. गाठ कधीपासूनची, हे मी कसं लिहू, असं ते म्हणाले, आणि त्यांचंही चुकत नव्हतं. सुई न टोचून घेता सुचिता परत निघाली. या सुईच्या भीतीनं तिनं किती रात्री जागून काढल्या होत्या, आणि आज ती टोचली नाही म्हणून तिला रडू येत होतं.

एसटीत खिडकीशी बसून तिनं कमलेशला फोन लावला. तो न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा; गेटावर गाड्यांची रांग लागली की दोन-दोन दिवस केबिनमध्येच जेवण आणि केबिनमध्येच झोप. कंत्राटदाराकडून काही मिळत नाही म्हणून पॉलिसी त्यानं स्वतःच्या पगारातून काढली होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या आयला काय बोलू नको हां," तो म्हणाला. "ती खाणं सोडल. मी शेठशी बोलतो." मागच्या गाडीनं हॉर्न दिला, त्याची रांग पुढं सरकली आणि फोन कट झाला.

कंत्राटदार शेठनं मागच्या डोसाच्या वेळीच हात वर केले होते. ते दोघांनाही ठाऊक होतं.

घरी आली तेव्हा सासू, भागुबाई, मांडवाखाली बसली होती. समोर बांबूवर बोंबील टांगलेले, सुचिताची लेक आरोही तिच्या मांडीवर. डोस सुरू झाल्यापासून आरोही आजीजवळच झोपायची. तापाच्या दिवसांत लेकराला लांब ठेवलेलं बरं, असं ठरलं होतं, आणि मग बऱ्या दिवसांतही ती सवय तशीच राहिली. तीन वर्षांची पोर आईला पाहून हसली, पण मांडीवरून उठली नाही.

"लवकर आलीस गो," भागुबाई म्हणाली. "दिली का सुई?"

सुचिता म्हणाली, आज रक्त कमी भरलं, पुढच्या आठवड्याला बोलावलंय.

"आणि तो इम्याचा माणूस? मंजूर केला ना त्यानं? मी त्याला चा दिला, सोड्याचं कालवण खाऊ घातला, आणि बराबर सांगितला सगला." भागुबाईच्या चेहऱ्यावर शाबासकी ऐकायची तयारी होती.

तेव्हा सुचिताला उलगडलं. चक्रीवादळानंतर पंचनाम्याला माणसं आली होती. शेजारच्या केसरनं खरं ते सांगितलं, की निम्मी कौलं उडाली, आणि तिच्या हाती निम्म्याचेही पैसे पडले नाहीत. ज्यांनी घर बसलं म्हणून सांगितलं, त्यांना मिळाले. तेव्हापासून आळीत एक शहाणपण मुरलं होतं: फाईल घेऊन आलेल्या माणसाला दुखणं वाढवून सांगायचं, तो मुळात कापूनच लिहितो. भागुबाईनं सुनेसाठी तीन वर्षं सांगितली. केसरला वाटलं असेल, तीनही कमीच पडतील. तिनं एक वर्ष आपल्या पदरचं घातलं.

रागवायचं कोणावर? रागाला जागाच नव्हती, आणि तेच जड झालं. सुचिता आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली. बाहेर भागुबाई आरोहीला बोंबील उलटे करायला शिकवत होती. घरात माणसं होती, आळीत माणसं होती, सगळी तिच्यासाठी जीव टाकणारी. आणि ही एक गोष्ट सांगायला त्यातलं एकही चालत नव्हतं.

पुढचे दिवस तिनं फोनवर काढले. घरात रेंज धड येत नाही, म्हणून ती बंदरावर जाऊन नांगरलेल्या होडीच्या सावलीला उभी राहायची. दर वेळी नवा आवाज, आणि दर वेळी गाठ कुठं, कधी, कशी, हे पहिल्यापासून. जाळी शिवणारे म्हातारे मान खाली घालून शिवत राहायचे. शेवटी तक्रारीच्या अधिकाऱ्यानं सरळ सांगितलं: ज्यांनी जबानी दिली त्यांनीच ती बदलली पाहिजे. व्हिडिओवर, स्वतःच्या तोंडानं. त्याशिवाय फाईल हलणार नाही.

त्या संध्याकाळी ती मांडवाखाली सासूच्या शेजारी बसली. वाळलेले बोंबील उतरवता उतरवता तिनं सगळं सांगितलं. कमलेशनं नको म्हटलं होतं तेही सांगितलं. आवाज चढू दिला नाही.

भागुबाईचे हात थांबले.

"म्हंजे तुझी सुई मी थांबवली."

"तसं नाही, आई."

"तसाच हाय." तिनं हातातले बोंबील टोपलीत ठेवले, पदर झटकला आणि तडक केसरच्या दारात गेली. आवाज सुचिताला इथवर ऐकू येत होता. केसर म्हणत होती, मी खोटी बोलले असं कॅमेऱ्यासमोर सांगू? माझा पोरगा प्रीतम सोसायटीच्या निवडणुकीला उभा हाय. उद्या तोच व्हिडिओ गावभर फिरला तर? भागुबाई काय म्हणाली ते कळलं नाही. ती एकटीच परत आली. रात्री तिनं आपलं ताट तसंच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दोघी बंदरावर गेल्या. सुचितानं फोन समोर धरला. भागुबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि पडद्यावरच्या अधिकाऱ्याला आधी नमस्कार केला. त्यानं विचारलं, तेव्हा वेगळं का सांगितलंत?

"पंचनाम्याच्या माणसाला कोन खरा सांगतो, भाऊ? कमी सांगितला तर भेटत न्हाय. मला वाटला, तू पन तसाच."

"मग आता खरं कशावरून?"

जाळी शिवणारे हात थांबलेले सुचिताला दिसले. तिला वाटलं, फोन खाली करावा. भागुबाई मात्र पडद्यावरून नजर न हलवता बोलली.

"पोर अंगावर पीत होती तवा हिची छाती मी शेकायची. रोज. या हातानी. दुधाची गाठ झाली तवा मीच ती चोळून मोकली केली. त्यानंतर वरीसभर पोर प्याली. काय असता तर माझ्या हाताला लागला असता. नव्हता. मी खोटा बोलले. लिहून घे, भागुबाई खोटी बोलली."

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं. मग म्हणाला, केसरबाईंचं काय? सुचिता म्हणाली, त्या येणार नाहीत. त्यानं ठीक आहे म्हटलं. ते ठीक कसलं, हे तिला कळलं नाही.

परत येताना भागुबाई दहा पावलं पुढं चालत होती. सुचितानं हाक मारली नाही. त्या दिवसापासून केसर बोंबील वाळवायला दुसऱ्या टोकाला बसू लागली, आणि दारावरून जाताना बायका सुचिताची चौकशी करेनाशा झाल्या. कोण जाणे, काय बोललं तर कुठं लिहिलं जाईल. तिच्यामुळं आळीला एक नवंच भय लागलं होतं.

आठवडा संपायच्या आदल्या दिवशी हेमालीचा फोन आला. पुढच्या डोसाला मंजुरी आली होती. मागच्या डोसांच्या बिलांवर विचार चालू आहे, असं कंपनीनं कळवलं होतं. त्याचं काय होईल ते तिलाही सांगता येत नव्हतं.

पहाटेची एसटी, आल्याचा तुकडा, केमोची खोली. या खेपेला नर्सनं खुर्ची दिली. शीर पटकन सापडेना. दोनदा टोचून तिसऱ्यांदा सापडली. औषध थेंबाथेंबानं सुरू झालं. शेजारच्या खुर्च्यांवर कोणाची लेक होती, कोणाचा नवरा. सुचितानं मोकळ्या हातानं कमलेशला लावला, फोन बंद. मग घरी लावला. भागुबाई फोन घेऊन रेंज शोधत बंदराच्या बाजूला चालत असावी. वारा आणि पावलांचा आवाज येत होता.

"चालू झाली, आई."

"दुखता का गो?"

नाही, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. घरच्यांना ती हेच सांगत आली होती, प्रत्येक डोसाला, उलट्यांनी घशाची साल निघाली तेव्हाही.

"हो," ती म्हणाली. "खूप दुखतं."

पावलं थांबली. भागुबाईनं फोन ठेवला नाही, सुचितानंही ठेवला नाही. नर्स येऊन बाटली बदलून गेली तरी तिनं तो कानापासून काढला नव्हता, आणि त्यातून वारा ऐकू येत होता.