पायरीवरचा टाका

प्रार्थनाघराच्या नव्या पायरीवर, ओल्या सिमेंटमध्ये एक पाऊल उमटलं होतं. ते बघून टाकेमास्तरांना, खरं सांगायचं तर, आनंदच झाला. आत चोरी झालेली, प्रार्थनाघर सांभाळणारे म्हातारे बापू डोक्याला हात लावून बसलेले, ठेकेदार रागाने लालबुंद. अशा वेळी आनंद होणं शोभत नाही, म्हणून मास्तरांनी तो आवरला. गुडघे टेकून, चष्मा नाकावर सरकवून त्यांनी पाऊल न्याहाळलं. बाईमाणसाची चप्पल. टाचेखाली अर्ध्या चंद्राचं ठिगळ, कडेने बारीक टाके आणि शेवटचा टाका उलटा.

"ही शिवण माझी आहे," मास्तर म्हणाले.

सगळं गाव त्यांच्याकडे वळलं. तीस-पस्तीस वर्षं चपला शिवत बसलेल्या माणसाकडे गाव असं एकदम वळत नाही. शेवटचा टाका उलटा घालायची सवय त्यांना त्यांच्या वडिलांनी लावली होती, आणि त्या सवयीचं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

चोरीला गेलं होतं ते कर्ण्याचं मशीन. पूर्वी बापू सकाळी हाताने घंटा वाजवत. ज्याला ऐकू येई तो येई, बाकीचे झोपत. मग हमरस्ता आला, रस्त्यापाठोपाठ जमिनींना भाव आला, आणि रस्त्याचं काम घेणारा ठेकेदार गावचा मोठा भाविक झाला. त्याने प्रार्थनाघराला फरशी दिली, पायऱ्या दिल्या, छपरावर कर्णे दिले. आता पहाटे अंधारातच प्रार्थना सुरू व्हायची आणि तीन गावं जागी व्हायची. मशीनला धुळीपासून जपायला मास्तरांनी चामड्याचं झाकण फुकट शिवून दिलं, तेव्हापासून त्यांना पहिल्या रांगेत जागा मिळाली होती. त्या जागेची मास्तरांना इतकी अपूर्वाई, की ते प्रार्थनेला अर्धा तास आधीच जाऊन बसत.

"चप्पल कुणाची ते बोला," ठेकेदार म्हणाला. त्याच्याच मुलीच्या लग्नाचं जेवण त्या दुपारी होतं. गाव तिकडे पंगतीला बसलं असताना कुणीतरी इकडे हात साफ केला होता.

मास्तर थोडं थांबले. इतकी माणसं आपल्या तोंडाकडे बघतायत, तर एकदम बोलून मोकळं कशाला व्हायचं?

"नर्सबाईंची," ते म्हणाले.

मग काय, सगळ्यांना सगळं आठवायला लागलं. आरोग्यकेंद्रातली ही नर्सबाई परगावची, एकटी राहणारी. प्रार्थनेला कधी येत नाही. आजारी माणसांना झोप लागत नाही, आवाज कमी करा, असं बापूंना तोंडावर सांगून आलेली. लग्नाच्या जेवणालाही नव्हती. केंद्रात कुणाचं तरी बाळंतपण आहे म्हणाली होती. "बाळंतपण म्हणे!" दुकानदारीण म्हणाली, आणि तिथे जमलेल्या बायका हसल्या. त्यातल्या निम्म्या त्याच बाईच्या हातून बाळंत झाल्या होत्या.

ठरलं असं, की रविवारच्या सभेत तिने सगळ्यांसमोर जबाब द्यायचा, नाहीतर खोली सोडून गावाबाहेर व्हायचं. तोवर तिला कुणी घरात घ्यायचं नाही. बापू काहीतरी पुटपुटले, पण कर्णे आल्यापासून बापूंचं पुटपुटणं कुणाला ऐकू येत नव्हतं.

मास्तरांनी घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती भांडी घासत होती. हात थांबले.

"आईंच्या पाठीचं काय?" तिने विचारलं.

मास्तरांची आई अंथरुणाला खिळलेली. तिच्या पाठीला जखमा झालेल्या, आणि नर्सबाई एक दिवसाआड येऊन त्या धुऊन बांधत असे. येताना दुकानाच्या उंबऱ्याशी चपला काढायची, थेट आत जायची, जाताना "मास्तर, येते हं" म्हणायची. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली.

"दोन दिवस तू कर," मास्तर म्हणाले. "आणि तिची बाजू घेऊ नकोस. पहिल्या रांगेत बसतो मी."

बायको पुढे एक शब्द बोलली नाही. मास्तरांना ते खटकलं. ही बाई न बोलणारी नव्हे. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिच्यावर नजर ठेवली, आणि नजर ठेवली की दिसायचं ते दिसतंच. नर्सबाईंचं नाव निघालं की हिच्या हातातलं काहीतरी पडायचं. आपण आत गेलं की ही लगबगीने आईच्या खाटेशी जाऊन उभी राहायची. खाटेमागची धान्याची कोठी भिंतीपासून पुढे सरकलेली. विचारलं तर म्हणे, उंदीर झालेत. मास्तरांनी दोन अधिक दोन केले. नर्सने हिला फितवलंय. चोरीत ही आतून सामील आहे, निदान हिला ठाऊक तरी आहे. आपल्याच घरात घरभेदी! आरी चामड्यात घुसवताना त्यांचे दात आपोआप आवळले जात.

एक गोष्ट तेवढी त्यांच्या लक्षात आली नाही. आई तीन दिवस पहाटे ओरडली नव्हती.

शनिवारी सकाळी नर्सबाई दुकानाच्या दारात आली. आत यायची हिंमत केली नाही, उंबऱ्याबाहेरच थांबली. चेहरा उतरलेला, पायात पावसाळी रबरी बूट.

"मास्तर, जखमा बघू देणार नाही हे कळलं मला," ती म्हणाली. "पण माझी चप्पल तरी द्या. दहा दिवस झाले टाकून. उद्या सभेत मी या बुटांत उभी राहू का?"

मास्तरांच्या हातातली चामडं कापायची रापी तशीच राहिली. आपण हे विसरलो कसे? काम झालं की जोडी पाठीमागे टाकायची, एवढंच ते करत. पुसणं, फळीवर लावणं, गिऱ्हाइकाला देणं, सगळं बायकोकडे. त्यांच्या लेखी शेवटचा टाका पडला की चप्पल घरी गेली.

"अजून... अजून व्हायचीय," ते म्हणाले.

"पायरीवर तर शिवून झालेली उमटलीय म्हणतात," नर्सबाई म्हणाली, आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. मग निघून गेली.

मास्तर फळीशी गेले. जोडी तिथेच होती, पुसून, एकावर एक ठेवलेली. डावी उलटी केली. ठिगळाच्या टाक्यांत करडं सिमेंट घट्ट बसलं होतं. तरीही मन मोठं लबाड. तिनेच रात्रीची येऊन ठेवली असेल, मनाने सुचवून पाहिलं. पण दाराला आतून कडी असते. लग्नाच्या पंगतीतून डोकं दुखतंय म्हणून लवकर उठून कोण आलं होतं, ते त्यांना आता आठवलं.

आत जाऊन त्यांनी चप्पल बायकोपुढे ठेवली. तिने चपलेकडे पाहिलं आणि पदराला हात पुसले.

"कोठीच्या मागे आहे," ती म्हणाली. "तुमच्याच झाकणात गुंडाळून ठेवलंय. काही बिघडलेलं नाही."

"अगं पण का?"

"का? रोज पहाटे तो कर्णा लागला की आई दचकून उठतात. आग लागली म्हणून ओरडतात, खाटेवरून उतरायला जातात. दोनदा पडल्या. तुम्ही तेव्हा पहिल्या रांगेत! दहा वेळा सांगितलं तुम्हाला, बापूंना सांगा. तुम्ही म्हणालात, ठेकेदाराला काय वाटेल."

"आणि दुसऱ्याची चप्पल घालून गेलीस?"

"मग काय घालून जाऊ?" तिचा आवाज चढला. "माझ्या चपलेचा अंगठा तुटून चार महिने झाले. उद्या शिवतो, उद्या शिवतो. टाकेमास्तरांची बायको मी, आणि घालून बाहेर पडायला मला धड चप्पल नाही! फळीवर तयार होती ती अडकवली. येताना हातात एवढं मोठं मशीन, पायाखालचं दिसतंय कुठे मला?"

मास्तरांनी चप्पल तिच्यापुढून बाजूला सारली. मग म्हणाले, "आणि त्या बाईवर आळ आला तेव्हा बोलली नाहीस."

आता ती रडायला लागली. "भीती वाटली. आणि तुम्ही इतके खुशीत होतात. मला वाटलं, तुम्हाला तरी आठवेल की चप्पल आपल्याकडेच आहे. रोज वाट बघितली मी."

रविवारी प्रार्थनाघर भरलं होतं. कर्णा नाही म्हणून बापूंनी घंटा वाजवली होती. नर्सबाई रबरी बुटांतच आली, दाराशी बूट काढून अनवाणी उभी राहिली.

"मी काही नेलं नाही," ती म्हणाली. "माझी चप्पल दहा दिवस मास्तरांच्या दुकानात आहे. त्यांना विचारा."

ठेकेदार हसला. "मास्तर, आहे का हो?"

पहिल्या रांगेतली जागा मऊ होती. एक 'नाही' म्हटलं की ती जन्मभर आपली, हे मास्तरांना स्पष्ट दिसत होतं. आणि ही बाई संध्याकाळच्या गाडीने जाईल, तेही दिसत होतं. त्यांनी मागे बायकांकडे नजर टाकली. आपली बायको कुठे दिसेना.

"आहे," ते म्हणाले. "माझ्याकडेच होती."

"मग ती घालून इथे आलं कोण?"

"मी," मास्तर म्हणाले.

क्षणभर कुणाला कळेना. मग सगळ्यांची नजर मास्तरांच्या पायांकडे गेली. रुंद, फताडे, अख्ख्या गावात त्यांच्या मापाचा साचा नाही, असे ते पाय. कुणीतरी खुदकन हसलं आणि मग हसू सगळीकडे पसरलं. चपलांत जन्म घालवलेल्या माणसाला खोटं बोलायला नेमकं मापाचंच मिळावं!

"हसू नका त्यांना," दारातून आवाज आला.

मास्तरांची बायको पायरीवर उभी होती. अनवाणी. चामड्याच्या झाकणातलं मशीन तिने खाली ठेवलं, बरोबर आणलेल्या नर्सबाईंच्या जोडीतली डावी चप्पल पायात अडकवली आणि वाळून दगड झालेल्या त्या पावलात पाऊल ठेवलं. ते बरोबर बसलं. ठिगळाच्या जागी ठिगळ.

हसणं थांबलं. ती काय बोलली ते थोडकंच होतं, सासूबद्दल, पहाटेबद्दल. बापू उठून आले, मशीन उचलायला वाकले, आणि न उचलता तसेच तिच्याजवळ उभे राहिले. "मलाही झोप लागत नाही गं," ते म्हणाले. या वेळी सगळ्यांना ऐकू आलं. ठेकेदार मात्र तावातावाने निघून गेला. यांच्या दारात आता कोण चप्पल टाकतं ते बघतो, असं जाता जाता म्हणाला. त्याच्या पाठोपाठ बरेच जण गेले. नर्सबाईंची माफी कुणी मागितली नाही. तिने पायरीवरून आपली जोडी उचलली आणि गेली.

मंगळवारी मास्तर दुकानात बसले होते. गिऱ्हाईक नव्हतं. मांडीवर बायकोची चप्पल. नवा अंगठा शिवून झाला होता, शेवटचा टाका उलटा घातला होता. आई उन्हं वर आली तरी झोपलेली. मास्तरांचे कान रस्त्याकडे लागले होते. ती येणार नाही, असं त्यांनी स्वतःला दहा वेळा सांगून झालं होतं. का यावं तिने?

आणि पावलं वाजली. नर्सबाई औषधांची पिशवी घेऊन दारात आली. मास्तर धडपडत उठले, बोलायला तोंड उघडलं.

तिने नेहमीसारख्या उंबऱ्याशी चपला काढल्या. मग वाकली, दोन्ही उचलल्या, एकमेकींवर झटकल्या, आणि हातात धरून, मास्तरांकडे न बघता, आत घेऊन गेली.