नवमीची सवाष्ण

साळूबाईंनी शीलाच्या पायांवर तांब्या नाही, आख्खी बादली ओतली. पाणी फरशीवरून वाहत मोरीकडे गेलं आणि ते धरायला कुणी खाली परात सरकवली नाही. शीलाला स्वतःच्याच पायांची लाज वाटली. लागोपाठ तिसऱ्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती, बजाजनगरच्या त्या गल्लीत टँकर चौथ्या दिवशी यायचा, आणि घरी ती तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी घासायची.

"राहू द्या की मावशी. किती वतता?"

"आज नाय मोजायचं," साळूबाई म्हणाल्या आणि पदराने तिचे पाय पुसू लागल्या.

भाद्रपदातली अविधवा नवमी होती. साळूबाईंची सून मोनिका दोन वर्षांपूर्वी भरल्या कपाळाने गेली. अशा बाईच्या नावाने या दिवशी एक सवाष्ण जेवू घालायची, तिला लुगडं-बांगड्या द्यायच्या, आणि शेवटी पोट भरलं का म्हणून विचारायचं. सवाष्ण भरलं म्हणाली की गेलेली तृप्त होऊन वर्षभरासाठी परत जाते. गल्लीत सवाष्णी ढिगाने होत्या, पण या पाटावर बसायला एकही तयार नव्हती. गेल्या वर्षी शेजारच्या लीलाबाईंची जाऊ बसली, तर महिनाभर तापाने फणफणली म्हणे. म्हणून साळूबाई परवा शीलाच्या दारात आल्या. कुठली, कोणाची, काही विचारलं नाही. नवरा हाय ना, मग झालं, एवढंच म्हणाल्या.

शीलाला भीती वाटायला हवी होती. वाटला तो आनंद, आणि तोही इतका की तिने हनुमानला, म्हणजे नवऱ्याला, ती बातमी एकाच संध्याकाळी दोनदा सांगितली. फुलंब्रीच्या पलीकडच्या गावातून ती दोघं चार महिन्यांपूर्वी आली होती. चारा संपला, मेंढरं बाजारात गेली आणि हनुमान वाळूजच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे लागला. चार महिन्यांत शीलाचा उंबरा कुणी ओलांडला नव्हता. संध्याकाळी समोरच्या द्वारकाबाईंच्या ओट्यावर बाया जमायच्या. ती जवळ गेली की सरकून जागा द्यायच्या, जेवण झालं का विचारायच्या, आणि मग एकेकीला घरातलं काम आठवायचं. गल्लीत तिला कोपऱ्यातली म्हणत. नाव कुणी विचारलंच नव्हतं. गावाकडे मेंढरांशीसुद्धा तिचं याहून जास्त बोलणं व्हायचं.

साळूबाईंनी तिला नवं लुगडं नेसायला दिलं. हिरव्या बांगड्या तिच्या हातात न दाबता सरसर चढल्या. मोनिकाच्या मापाच्या आणल्या होत्या. साळूबाईंनी ते मनगट जरा जास्तच वेळ धरून ठेवलं. मग पाट मांडला, ताट वाढलं. पुरणपोळी, खीर, वडे, कढी आणि मोनिकाच्या आवडीची गवारीची भाजी.

शीलाने पहिला घास घेतला आणि दार अंधारलं. द्वारकाबाई आत आल्या, पाठोपाठ लीलाबाई, मग गल्लीतल्या आणखी सहा-सात. चपला बाहेर काढून त्या भिंतीच्या कडेने बसल्या. शीलाला वाटलं, नवीन बाई कशी जेवते ते बघायला आल्या असतील. तेवढ्यात द्वारकाबाई पुढे सरकल्या आणि त्यांनी तिचा घसरलेला पदर खांद्यावर नीट केला.

"लई वाळलीस गं," त्या म्हणाल्या.

मग सगळ्याच बोलू लागल्या. कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाचा बोअर आटला, कुणाचा नवरा परत प्यायला लागला. घरच्या माणसालाच सांगावं असं सगळं त्या तिला सांगत होत्या. लीलाबाईंनी तर छातीतल्या गाठीचं काढलं. नवऱ्यालाही अजून सांगितलं नव्हतं म्हणाल्या. शीला नुसतं हूं म्हणायची, आणि बायांना तेवढं पुरत होतं. तिला इतकं बरं वाटत होतं की हे सगळं कुणासाठी चाललंय, हे ती घटकाभर विसरली. चौथी पोळी कधी संपली तेही कळलं नाही.

द्वारकाबाईंचा आवाज एकदम खाली आला.

"त्या दिवशी टँकरपाशी आम्ही तुला वळीत घेतलं नाय. नवी हायस, मागं थांब म्हणलं. मंग तू टँकरवर चढलीस, अन् तिथून पडलीस. राग धरू नको, मोनिका."

म्हणजे मोनिकाही नवीनच होती. शीलाला संताप आला. कालच या बायांनी तिला ओळीच्या शेवटी उभं केलं होतं आणि तिच्या हंड्याला तळाचं गढूळ पाणी आलं होतं. मी शीला, असं सांगायला तिने तोंड उघडलं. पण समोर आठ-नऊ चेहरे ओलसर डोळ्यांनी तिच्याकडे बघत होते. चार महिन्यांत तिच्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं. पाण्याचा घोट घेऊन तिने घास गिळला.

ऊन भिंतीवरून उतरत आलं तेव्हा साळूबाई ताटासमोर बसल्या आणि त्यांनी हात जोडले.

"पोट भरलं का, मोनिका?"

द्वारकाबाईंनी उठण्यासाठी गुडघ्यावर हात टेकला. लीलाबाई दाराकडे चपला शोधत होत्या. एक शब्द, आणि सगळ्या आपापल्या घरी जातील. उद्या ती परत कोपऱ्यातली.

"नाय," शीला म्हणाली.

साळूबाईंचे हात जोडलेलेच राहिले. "नाय?"

"नाय भरलं."

असं उत्तर तिथे कुणीच कधी ऐकलं नव्हतं. लीलाबाई होत्या तिथेच खाली बसल्या. द्वारकाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण गुडघ्यावरचा हात त्यांनी काढून घेतला आणि पाठ भिंतीला टेकवली. कुणीतरी दार लोटून घेतलं. साळूबाईंनी पोळी वाढली, वर तूप सोडलं. शीलाने तुकडा मोडला. ती खोटं बोलली असं तिला वाटत होतं, पण तो तुकडा तोंडात गेला आणि तिला खरोखरच भूक लागली, सकाळपासून काही खाल्लंच नसावं अशी.

"हं, लीलाबाई," ती म्हणाली. "त्या गाठीचं सांगत व्हता ना? सांगा की."

आणि लीलाबाई मान वर न करता पहिल्यापासून सांगू लागल्या.