कानशीने घासलेली खाच

अनारकुल गेल्याची बातमी नारिन शहरातल्या दवाखान्यातून आली, त्या दिवशी मी तिच्याच टेबलावर उघडी पडले होते. नळी एकीकडे, लाकडी दस्ता दुसरीकडे आणि सेफ्टीचा छोटा खटका एका बशीत. फोन तिच्या मुलीचा, झामिराचा होता. अनारकुलच्या नवऱ्याने, मामबेतने, तो ऐकला, ठेवला आणि माझ्याकडे पाहत उभा राहिला. आपल्याच घरात कुठे बसावे, हे त्याला कळेना.

मित्रांनो, मी मामबेत मेंढपाळाची म्हातारी रायफल. माझा चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप आत येऊन बसते. दूर उत्तरेच्या एका कारखान्यात मी तयार झाले आणि लांडग्यांच्या बंदोबस्तासाठी डोंगरातल्या अत-बाशी गावच्या सामूहिक शेतावर आले. शेत मोडले तेव्हा मामबेतकडे राहिले. मी मारलेल्या लांडग्यांपेक्षा माझ्या आवाजाने पळालेले जास्त आहेत, आणि मला तेच आवडते. कुरणावरून कळप पुरा परत आला की शेजारी मला हात लावून शाबासकी देत.

माझी देखभाल मात्र अनारकुल करायची. तिने उमेदीची सगळी वर्षे लोकर कातरायची यंत्रे दुरुस्त केली होती. मामबेतच्या हाती ती दुरुस्तीचे हत्यार देत नसे. त्याने एकदा चुलीचे दार नीट बसावे म्हणून कानशीने घासले होते. ते पुन्हा कधी लागलेच नाही. ही गोष्ट ती प्रत्येक लग्नात सांगायची आणि मामबेत मान खाली घालून हसायचा.

दोन हिवाळ्यांपूर्वी गोठवणाऱ्या थंडीत लांडगा शिंगरावर आला. मामबेतच्या हातात जाड लोकरी मोजे होते. माझा सेफ्टीचा खटका, जो सरकवल्याशिवाय चाप ओढता येत नाही, ताठ झाला होता, तो मोज्यातल्या बोटाला हलेना. शिंगरू गेले. दुसऱ्या दिवशी अनारकुल शेजारी गेलेली पाहून त्याने कानस काढली आणि खटका ज्या खाचेत अडकतो ती खाच घासली. वर काजळी आणि मेंढीची चरबी चोळली. जागा जुनी दिसू लागली. आता खटका मोज्यानेही हलत होता.

पण घोड्याच्या हिसक्यानेही हलत होता. या वसंतात मामबेत खोगिरावरून उतरताना खटका सरकला, चाप खोगिराच्या पट्ट्यात अडकला आणि मी सुटले. गोळी त्याच्या पायाजवळ बर्फात गेली. त्याने घरी येऊन एवढेच सांगितले. कानशीचे सांगितले नाही.

त्याच आठवड्यात अनारकुलला अत-बाशीच्या डॉक्टरांनी पोट तपासून सांगितले होते, ताबडतोब नारिनला जा. ती जाईना. कळप वरच्या कुरणावर न्यायचे दिवस जवळ आले होते आणि मी मामबेतच्या पाठीवर असणार होते.

“आधी हिचं बघते, मग माझं,” ती म्हणाली.

तिने मला उघडले. आणखी एक दुखणे तिला लगेच सापडले. शेवटची गोळी गेल्यावर बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा दांडा, मागे थांबायला हवा, तो थांबत नव्हता, म्हणून मी रिकामी की भरलेली ते बाहेरून कळत नसे. गोळ्यांच्या पेटीतली स्प्रिंग थकली होती. तिने ती बदलली. सेफ्टीचा दोष मात्र सापडेना. खटक्याची स्प्रिंग बदलली, खीळ बदलली, सगळे धुऊन पुसले. ती मला जोडायची, दस्त्यावर थाप मारायची आणि खटका सुटायचा. मध्येच पोटाला हात लावून भिंतीला टेकायची. मामबेत चहा आणून द्यायचा. आजच निघ, म्हणायचा.

सहाव्या दिवशी तिने नख त्या खाचेवरून फिरवले आणि थांबली.

“म्हाताऱ्या, तू काही केलंस का हिला?”

“मी कशाला करू? ते काम तुझं.”

“खरं सांग. हसणार नाही मी.”

“जुनी झाली गं, म्हातारे. आपल्यासारखीच.”

तिने ऐकले. नवऱ्यावर विश्वास ठेवून ती पुन्हा स्प्रिंगा तपासू लागली. मी सगळे जाणून होते, पण मला नळी आहे, तोंड नाही. आणखी चार दिवस गेले. मग ती उठू शकली नाही आणि झामिरा तिला गाडीत घालून घेऊन गेली. दहा दिवस आधी गेली असती तर वाचली असती का, हे डॉक्टरांनी सांगितले नाही. मामबेतनेही विचारले नाही.

मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला झामिरा आली. आईचे अर्धवट काम पाहून तिला राहवेना. ती मला शहरातल्या कारागिराकडे घेऊन गेली. त्याने खाच उजेडात धरली आणि चहा संपायच्या आत सांगितले की ही कानशीने घासली आहे, हा भाग नवा घालावा लागेल.

झामिराने घरी येऊन बापाला विचारले. “बाबा, कुणी घासलं हे?”

“ही सामूहिक शेतावर असताना कुणीतरी घासलं असेल,” मामबेत म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या हातून काही बिघडले तर दुरुस्त करणाऱ्याला सांगा. तो हसेल, रागावेल, चार लोकांत सांगेल. सांगू दे. माझ्यासारख्या वस्तूच्या बाबतीत तर लपवूच नका, कारण माझी चूक परत घेता येत नाही.

नवा भाग आला, बसला. खटका आता घट्ट आहे. मी कुलपात असते. मामबेत रोज कुलूप उघडतो, मला पुसतो आणि परत ठेवतो. झामिरा दर रविवारी फोन करते. मामबेतने तिला अजून सांगितलेले नाही.