जमिनीत उतरलेली चाळ

“हे कोणाला पटायचं नाही. पटलं, तर मिशी कापून हातात देईन!” उंबऱ्याच्या आत बैठक मारत गुणाजीने मांडीवर थाप ठोकली.

कोणी हसलं नाही. काशीराम जाऊन आठवडा झाला होता. सुतकात शेजाऱ्यांनी रोज संध्याकाळी येऊन बसायचं, घर एकटं सोडायचं नाही, ही कोकणातली रीत भांडुपच्या टेकडीवरही चुकत नव्हती. डाळभात शेजारून यायचा आणि काशीरामची बायको जानकी तो ताटात तसाच निववायची. ती रडली नव्हती, बोललीही नव्हती. कोणीतरी भिंतीला टेकवून ठेवून विसरून गेल्यासारखी बसून असायची.

शेजारीण प्रेमा हिने सकाळी नळावर गुणाजीला गाठलं होतं. “भाऊ, तुमच्या थापांनी आजवर कोणाचं भलं केलं नाय. आज करा. ती एक शब्द तरी बोलली पायजे, नायतर ही पण त्यांच्या मागोमाग जाईल.”

काशीराम गिरणीतला गुणाजीचा साच्यावरचा, म्हणजे मागावरचा जोडीदार. संपात गिरणी गेली, तेव्हा दोघे मिळूनच मरोळच्या एका कारखान्यात खोकी बांधायला लागले. त्याला खांदा देतानाही गुणाजीला काही वाटलं नव्हतं. छातीत कापूस ठासून बसला होता.

“मरोळला आमच्या कारखान्यामागे पाया खणत होते. धप्पकन भोक पडलं. खाली काय? चाळ! आपल्यासारखीच, पण उलटी, जमिनीत उतरलेली. दर मजल्यावर एक राक्षस. शेठ म्हणाला, कोण उतरतो? काशीराम म्हणाला, मी.”

“पहिला राक्षस केवढा?” समोरच्या खोलीतल्या चंदूने विचारलं. तोही गिरणीतलाच, जिभेने तिखट.

“बोकडाएवढा. उतरताना काशीराम बदली कामगार ना, म्हणून लहान राक्षस. एका फटक्यात गार! लगेच कायम झाला. अंगात दुप्पट बळ.”

“काय बोलतोस यार! बदलीवाल्याला सोपं काम दिलंय कधी कोणी? मोडका साचा त्याच्याच नशिबी. बदलीला सगळ्यात मोठा राक्षस पायजे.”

“बरं बाबा, हत्तीएवढा. तीन पाळ्या लढाई चालली.”

“जेवणाची सुट्टी?”

“राक्षसाने पण घेतली.”

हसू दाबायला प्रेमाने पदर तोंडाला लावला. गुणाजीने जानकीकडे पाहिलं. तिची नजर लादीवरच होती.

“राक्षस पडला, तर पोटाखाली मोत्यांचा हंडा! दुसऱ्या मजल्यावर दोन तोंडांचा. एक तोंड चावतं, दुसरं आईबहिणीवरनं शिव्या घालतं. तो मेला नि काशीराम जॉबर झाला, खात्याचा मुकादम! तिथे मिळाली सोन्याची तलवार, चांदीचा पाट...”

“हे सगळं घेतलं कशात?”

“टोपीत.”

“हंडा आणि पाट, टोपीत?”

“जॉबरची टोपी होती रे!”

आता मात्र खोली हसली. मग आपण कुठे बसलोय हे आठवून गप्प झाली. ताटातल्या डाळीवर साय धरली होती. गुणाजीचं तोंड आपोआप चालू राहिलं, सूत संपल्यावरही मागावरचा धोटा फिरत राहावा तसं.

“शेवटच्या मजल्यावर दिवा टिकत नाय. काळोख असा, की आपला हात आपल्यालाच परका. मी त्याच्या मागोमाग उतरलो होतो, पण तिथे पायरीवरच बसलो. म्हटलं, काश्या, फिर मागे. तो हसला. कंदील माझ्याकडे दिला आणि एकटा आत गेला. वाघासारखा. मागे वळूनसुद्धा बघितलं नाय...”

“खोटं.”

आवाज इतका कोरडा होता, की तो कुठून आला हे आधी कोणाला कळलंच नाही.

“खोटं सांगता भावोजी,” जानकी म्हणाली. तिने अजून मान वर केली नव्हती. “काळोखात एकटे ते कधीच गेले नसते. रात्री संडासला जायचं तरी मला उठवायचे. मी बाहेर उभी राहून खोकत राहायची. खोकला जरा थांबला की आतून विचारायचे, जानके, असस ना गो?”